पेरलेले बी उकरून पाहू नये

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे देवाचे वचन दुसऱ्यांपर्यंत पोहोचवणे या एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून त्यांना एकत्र उत्तर देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील दुःख मला सेवेच्या काळात अनेक घरांत भेटले आहे.

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरी पवित्र शास्त्राचे वाचन घेते. सुरुवातीला नऊ जण येत असत, आता चार-पाच येतात, आणि त्यांतल्या दोघी माझ्या जावाच आहेत. शेजारच्या तालुक्यात मोठमोठ्या सभा होतात व तेथील संख्या दर वर्षी वाढते, असे सगळे सांगतात. परवा आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "ताई, तुमच्या या गुरुवारच्या सभेचे फळ काय?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या हातून देवाचे राज्य वाढत नसेल तर मी हे वाचन थांबवावे का? – एक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, ख्रिस्तात सलाम. वाचन थांबवू नका, हे आधी सांगतो. कारणे मागाहून देतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, सव्विसाव्या वचनापासून, एक लहानसा दाखला आहे. तो केवळ मार्कानेच नोंदवला आहे, आणि त्याच अध्यायातील पेरणाऱ्याच्या प्रसिद्ध दाखल्यामुळे तो बहुधा झाकला जातो. देवाचे राज्य कसे आहे, हे सांगताना प्रभू म्हणतो की एक मनुष्य जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि इकडे ते बी रुजते व वाढते. पण ते कसे, हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते : आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आपल्या मराठी शास्त्रात असलेला हा 'आपोआप' शब्द फार मोलाचा आहे, कारण मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ हाच आहे, की बाहेरून कोणी न ढकलता, स्वतःच्या आतल्या जोराने घडणारे. शेतकऱ्याला या दाखल्यात दोनच कामे दिली आहेत, पेरणे आणि पीक तयार झाल्यावर विळा घालणे. मधला सगळा काळ त्याच्या मालकीचा नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना पाणी घालणाऱ्या अपुल्लोसाचा उल्लेख केला हे खरे, पण त्यानेही वाढ देवाच्याच हाती ठेवली.

माझे वडील कोरडवाहू शेतकरी होते. रब्बीच्या ज्वारीची पेरणी असली की ते तिफण धरीत आणि आई चाड्यावर मूठ धरून मागून चालत असे. पेरणी झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही भावंडे गुपचूप शेतात जाऊन काकरीतली माती बोटाने उकरीत असू, बी फुगले की नाही ते पाहायला. एकदा वडिलांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत, माझ्या तळहातावरचा तो मोड आलेला दाणा त्यांनी घेतला, मला दाखवला आणि म्हणाले, "आता हा गेला. उकरलेलं बी उगवत नसतं, पोरा." त्या पांढऱ्या मोडाची लांबी तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढीही नव्हती, पण तो निघालेला होता. जमिनीत काम चालूच होते. आमच्या अधीरपणाने तेवढा एक दाणा वाया गेला. तुमचे पत्र वाचताना मला तो दाणा आठवला.

'फळ काय' हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणणार नाही, परंतु फळ म्हणजे डोकी असे धरून तो विचारलेला दिसतो. प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. ते लिहिणारा लूक संख्या सांगत नाही असे नाही. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, सुमारे तीन हजार माणसे मिळाली, हे तो आनंदाने लिहितो. पण पुस्तकाच्या तीन महत्त्वाच्या वळणांवर, म्हणजे सहाव्या, बाराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत, तो वाढीविषयी जे लिहितो त्याचा कर्ता मंडळी नाही आणि प्रेषितही नाहीत. देवाचे वचन वाढत गेले, असे तो लिहितो. बाराव्या अध्यायात तर हे वाक्य याकोबाचा वध, पेत्राची कैद आणि हेरोदाचा मृत्यू यांच्यानंतर येते. माणसे मारली जात होती, तुरुंगात पडत होती, आणि वाढत होते ते वचन.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही असेच घडले आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मुंबईत उतरले. हॉल यांनी तेरा वर्षे मराठी शिकून, मराठीत बोलून, शास्त्रभाग भाषांतरित करून आणि वाटून काढली. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांनी वयाची बेचाळीस वर्षेही पुरी केली नव्हती. दाखवण्याजोगी मराठी मंडळी त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली नाही. त्यांना कोणी फळ विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते? त्याच १८२६ साली मराठी नवा करार मुंबईत छापून बाहेर पडला, पाच वर्षांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे काम सुरू झाले, आणि पुढे त्या जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतल्याच एकीत माझ्या आजीचा बाप्तिस्मा झाला. आजीला अक्षर येत नव्हते. गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या एका बायबलबाईकडून तिने तेविसावे स्तोत्र ऐकून ऐकून पाठ केले होते, आणि पहाटे जात्यावर बसली की ती ते स्वतःच्या चालीत म्हणत असे. जात्याची घरघर आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे माझ्या कानांत अजूनही एकत्रच येते. त्या बायबलबाईचे नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल, तरी तिच्यातील एका बाजूकडे लक्ष वेधतो. १८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या, काव्याविषयी बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने त्यांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवून ती वाचण्याची विनंती केली. एवढाच त्याचा वाटा. टिळकांना ते पुस्तक आरंभी आवडलेही नाही, पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचत गेले आणि मत्तयातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. तेथून पुढे त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना मात्र त्या वाटेवर यायला १९०० साल उजाडावे लागले, आणि मधली वर्षे त्या घराने काय सोसले हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एकाच घरात, नवरा-बायकोमध्येही, वचनाला वेगवेगळा काळ लागला. तो सहप्रवासी आपल्या स्टेशनावर उतरून निघून गेला, तेव्हा त्याच्या पदरी काहीच फळ दिसत नव्हते.

भगिनी, तुमच्या घरी येणाऱ्या चार-पाच जणींपैकी कोण कोणाला काय सांगते, कोणाची लेक सासरी जाताना कोणते वचन मनात घेऊन जाते, हे तुम्हाला कळणार नाही, आणि ते कळावे अशी अटही प्रभूने घातलेली नाही. लूकाच्या आठव्या अध्यायात चांगल्या जमिनीविषयी बोलताना तो म्हणतो की ती माणसे वचन ऐकून ते धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. 'धीराने' हा शब्द तेथे उगाच आलेला नाही.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. अकरा वर्षांत वाचनाची जागा बोलण्याने तर घेतली नाही ना? अनेक घरगुती सभांत असे होते की चार वचने वाचली जातात आणि पाऊण तास घेणाऱ्याचेच बोलणे चालते. नऊ जणींच्या पाच होण्यामागे हे कारण असेलच असे नाही. पण असेल तर ते तुमच्या हातातले आहे. एक अख्खे शुभवर्तमान घ्या, दर गुरुवारी एकच प्रसंग, तो दोनदा सावकाश वाचा, दुसऱ्यांदा जावेला वाचू द्या, आणि मग 'तुम्हाला यात काय दिसले' एवढेच विचारून ऐकत बसा.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना काय सांगायचे, हा प्रश्न राहिला. त्यांना प्रेषितांच्या कृत्यांच्या अगदी शेवटच्या दोन वचनांकडे न्या. पौल रोममध्ये स्वतःच्या भाड्याच्या घरात पुरी दोन वर्षे राहिला, जे जे आले त्यांचे त्याने स्वागत केले आणि देवाच्या राज्याची घोषणा करीत राहिला. किती जण आले, हे लूकाने लिहिलेले नाही. भाड्याचे घर आणि उघडे दार, एवढ्यावर त्याने पुस्तक संपवले. पुढच्या गुरुवारी त्यांनाही बोलवा.

प्रश्न : मी पुण्यात आयटी कंपनीत काम करतो. रोज सकाळी सहा वाजता मी व्हॉट्सॲपवर सुमारे दोनशे जणांना एक वचन पाठवतो, त्यांत ख्रिस्ती नसलेले सहकारीही आहेत. परवा एका सहकाऱ्याने स्पष्टच सांगितले, की मला हे पाठवत जाऊ नका. मला वाईट वाटले. सुवार्तेला विरोध होणारच, असे समजून पाठवत राहावे का? – एक तरुण, पुणे

उत्तर : प्रिय बंधू, तुमच्या तळमळीविषयी मनापासून आदर बाळगून सांगतो, त्या सहकाऱ्याला पाठवणे आजच थांबवा आणि त्याची क्षमा मागा. त्याने जे केले तो सुवार्तेला विरोध नव्हे. भल्या पहाटे फोन वाजतो म्हणून एका माणसाने केलेली ती रास्त विनंती आहे.

शेतकऱ्याला वाफसा कळावा लागतो. पाऊस पडला म्हणून लगेच कोणी तिफण जुंपत नाही, कारण चिखलात पेरलेले कुजते. जमीन कोरडी ठणठणीत झाल्यावरही पेरत नाहीत. मातीत ओल आहे पण पाय रुतत नाही, अशी वेळ यावी लागते, आणि ती ओळखायला शेतात उतरून माती मुठीत दाबून पाहावी लागते. दोनशे जणांना एकाच वेळी एकच वचन पाठवताना आपण कोणाचीच माती हातात घेत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला फिलिप्प आठवा. गाझाच्या रस्त्यावर कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात बसून यशया वाचत होता. फिलिप्पाने प्रवचन सुरू केले नाही, तो जवळ गेला, त्याने ऐकले आणि विचारले, "तुम्ही जे वाचत आहात ते तुम्हाला समजते का?" मग बोलावल्यावर तो रथात बसला. आधी ऐकणे, मग प्रश्न, मग निमंत्रण, आणि त्यानंतर त्याच उताऱ्यापासून सुरुवात, असा तो क्रम आहे. पेत्रही आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा असे सांगतो, पण त्याच दमात सौम्यतेने आणि आदराने, हेही जोडतो. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की या हक्कात आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. न्यायालय कायद्याचा अर्थ सांगत होते. पण ज्याने मार्कातील तो दाखला मनापासून वाचला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागू नये. हृदय पालटणे हे त्याच्याकडे सोपवलेले कामच नव्हे, आणि दबाव किंवा लालूच या मार्गाने देवाचे राज्य एक बोटभरही पुढे सरकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेल्या वचनांत यिर्मया २९:११ चार वेळा आले आहे, म्हणजे परमेश्वराच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, ते वचन. ते सुंदर आहे आणि खरे आहे. पण ते बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात येते, आणि त्याच्या अगदी आदल्या वचनात बाबेलात सत्तर वर्षे भरावी लागतील असे म्हटले आहे. त्याआधी त्यांना घरे बांधायला, बागा लावायला, आणि ज्या नगरात पाठवले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. खोटे संदेष्टे त्या लोकांना लवकर सुटका होईल असे सांगत होते, त्यांना दिलेले ते उत्तर आहे. त्यातील एकच गोड ओळ उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापून परीक्षेच्या किंवा बढतीच्या आदल्या दिवशी पाठवली, तर यिर्मयाने ज्यांचा निषेध केला त्यांच्याच सुरात आपण नकळत बोलू लागतो. शास्त्र निष्ठेने सांगायचे म्हणजे त्यातले जड वाक्यही सांगायचे.

म्हणून यादी लहान करा. ज्यांनी स्वतः हो म्हटले आहे असे पाच जण निवडा, रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा अख्खा उतारा पाठवा, आणि त्या आठवड्यात त्यांतल्या एकाला तरी प्रत्यक्ष भेटा. सहकाऱ्याबरोबर मात्र डबा खा. त्याच्या घरी कोण आजारी आहे ते विचारा. त्याने कधी काही विचारले तर सांगा; नाही विचारले तरी मैत्री ठेवा.

प्रश्न : माझी दोन नातवंडे न्यू जर्सीत असतात. त्यांना मराठी बोललेले थोडेफार समजते, वाचता मुळीच येत नाही. माझ्या वडिलांनी आम्हाला रोज रात्री कंदिलाच्या उजेडात मराठी शास्त्र वाचून दाखवले, त्यावर आम्ही वाढलो. ती परंपरा माझ्याबरोबर संपणार असे दिसते. इंग्रजी बायबल त्यांच्या हाती देऊन मोकळे व्हावे का? – एक आजोबा, मिरज

उत्तर : आदरणीय आजोबा, सलाम. इंग्रजी बायबल जरूर द्यावे, पण देऊन मोकळे मात्र होऊ नये.

मराठीतले शास्त्र आपल्याला मिळाले तेच मुळी परक्या भाषेतली माणसे आपल्या भाषेत उतरल्यामुळे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले, तेही ओव्यांत, कारण येथील माणसांच्या कानाला ओवीचे वळण होते. उलट पंडिता रमाबाईंच्या हाती लूकाचे शुभवर्तमान प्रथम पडले ते आसामात सिलचरला, आणि तेही बंगालीत. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, कारण त्या वेळच्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांना कळत नाहीत, हे त्यांना सलत होते. अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तेथल्या स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याच्या थोडेच आधी शेवटची मुद्रिते तपासून झाली होती, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. ऐकणाऱ्याला कळावे, यासाठी एका विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्यामुळे नातवंडांना इंग्रजीतून कळत असेल तर त्यात रमाबाईंच्या किंवा तुमच्या वडिलांच्या श्रमांचा अवमान होत नाही.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे घरही असेच दोन भाषांच्या सीमेवरचे होते. आई युनीके यहूदी, वडील हेल्लेणी म्हणजे ग्रीक, आणि पौलाने विश्वासाची आठवण काढताना पहिले नाव घेतले ते आजी लोईसचे. बालपणापासून त्याला पवित्र शास्त्राची माहिती होती, असे पौल लिहितो. ती माहिती घरात कोणी दिली असेल, हे त्या दोन नावांवरून कळते.

आता करण्यासारखे. तुमच्याकडे रविवारची सायंकाळ असते तेव्हा तिकडे सकाळ असते. त्या वेळी व्हिडिओ कॉल लावा आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. मार्काचे शुभवर्तमान घ्या, ते सोळाच अध्यायांचे आहे आणि त्यात सतत काहीतरी घडत असते. एक वचन नातीने इंग्रजीत वाचावे, तेच तुम्ही मराठीत वाचावे, मग पुढचे नातवाने. पहिल्या अध्यायात 'लगेच' अशा अर्थाचा शब्द किती वेळा येतो, हे त्यांना मोजायला सांगा. मुलांना असले काम आवडते. न कळलेला मराठी शब्द त्यांनी विचारला की थांबून सांगा, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आले नाही तर तसे सांगून पुढच्या रविवारपर्यंत वेळ मागून घ्या. आणि एखाद्या रविवारी, वाचन सुरू करण्यापूर्वी, त्यांना त्या कंदिलाविषयी सांगा : तो कोठे टांगलेला असे, काच कोण पुशीत असे, आणि तुमचे वडील वाचताना कोणत्या वचनापाशी थांबत असत.